एकशे सतरा नंबरची टेप

शनिवार, ६ फेब्रुवारी १९८८

टूल विकणाऱ्या कंपनीने नव्या वर्षाला दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडली होती. सुगंधा म्हणाली, "लिहिणार नसाल तर मला द्या, मी पाककृती उतरवीन." म्हणून आज सुरुवात.

परवा तिने विचारलं होतं, तुम्ही दिवसभर तिथे नेमकं करता काय. तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. साकीनाक्याला आमचा गाळा आहे, मालक वैद्यसाहेब. दोन लेथ अशा आहेत की त्या माणसाच्या हाताने नाही, हुकमाने चालतात. हुकूम मी कागदावर लिहितो. मालनताई तो कागद बघून बोटभर रुंदीच्या कागदी पट्टीवर भोकं पाडतात. एक आडवी ओळ म्हणजे एक अक्षर किंवा एक आकडा. ती पट्टी, म्हणजे टेप, लेथच्या तोंडात घातली की लेथ वाचत जाते आणि लोखंड कापत जाते. लग्नाला सहा वर्षं झाली आणि हे तिला आत्ता कळलं.

आज पंपाच्या शाफ्टचं बदललेलं ड्रॉइंग आलं. एक खांदा, म्हणजे दांड्याची जाडी बदलते ती पायरी, चार मिलिमीटर पुढे सरकवलाय, बाकी सगळं तेच. मालनताई भाचीच्या लग्नासाठी बोरिवलीला गेलेल्या. एकशे सतरा नंबरच्या टेपमधला तेवढा तुकडा मीच पंच केला, जुना कापून काढला, नवा चिकटपट्टीने सांधला. अख्खी टेप नव्याने काढायची तर अर्धा-पाऊण तास गेला असता. हे दहा मिनिटांत झालं. घरी चार वाजता पोचलो.

सोमवार, ८ फेब्रुवारी



सकाळी माणिकने शाफ्टचा जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, लावायला घेतला. माणिक राणे, आमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर, वय अठ्ठावीस. म्हणाला, "सहदेवभाऊ, एकदा जॉब न लावता रिकामं चालवून बघू?" मी म्हटलं, "जुनीच टेप आहे रे, किती दिवस चालतेय. लाव." गिऱ्हाइकाचा माणूस दुपारी येणार होता.

तीन मिनिटं नीट चाललं. मग सावकाश कापत जायचं ते टूल, म्हणजे पातं, एकदम धावलं आणि शाफ्टवर आदळलं. आवाज शेजारच्या गाळ्यात ऐकू गेला. टूलचं टोक तुटून उडालं. मशीनचा दरवाजा अर्धा उघडा होता, बरेच जण तसा ठेवतात, नाहीतर आतलं दिसत नाही. माणिक खाली बसला, डाव्या डोळ्यावर दोन्ही हात धरून. ओरडला नाही. फक्त "दिसत नाय, दिसत नाय" म्हणत होता.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. मी, वैद्यसाहेब आणि तो.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

डोळा वाचला नाही.

शनिवार, १३ फेब्रुवारी

वैद्यसाहेबांनी रिपोर्ट मागितला. अपघात का झाला, दोन पानांत. बसून नीट विचार करून लिहिला. कारण एक: टेपखोलीत पंचिंग करताना चूक राहिली असावी, किंवा तेलाचा डाग पडून एखादं भोक बुजलं असावं. कागदी टेप आमच्यासारख्या जागेत भरवशाची राहिलेली नाही. कारण दोन: ऑपरेटरने दरवाजा पूर्ण बंद केलेला नव्हता.

दुसरं कारण लिहिताना जड गेलं. पण खरं ते खरं.

ऑफिसचं टायपिंगही मालनताईच करतात. त्यांच्याकडे दिला. त्यांनी वाचला, मशीनवर कागद चढवला आणि एकही चूक न करता टाइप करून दिला. मनाला लावून घेतलं नाही, हे बरं झालं. एकट्या बाईवर टाकल्यासारखं होऊ नये म्हणून मी मुद्दाम "असावी" असं लिहिलं होतं.

ती टेप टाकून द्या, असंही सांगितलं. आपशकुनी वस्तू कशाला ठेवायची.

सोमवार, २२ फेब्रुवारी

वैद्यसाहेबांनी वर बोलावलं. म्हणाले, "परब, टेप बंद करायची. बाजारात काय काय आलंय ते बघ. फ्लॉपी, कॅसेट, हार्ड डिस्क, काय असेल ते. एक महिन्यात मला सांग, आपल्याला काय घ्यायचं आणि का."

एवढी मोठी गोष्ट माझ्यावर सोपवली. घरी येऊन सुगंधाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि माणिक परत कधी येणार?" मी म्हटलं, ते साहेब ठरवतील. दरवाजाचा मुद्दा आहे ना, घेतील की नाही सांगता येत नाही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो मुद्दा तुम्हीच लिहिलात ना."

गुरुवार, २५ फेब्रुवारी

अंधेरीहून चंद्रप्रकाश साळवी आला होता, कॉम्प्युटर विकणारा. टाय लावलेला, पण बोलायला मोकळा. तीन गोष्टी टेबलावर मांडल्या.

कॅसेट: गाण्याच्या कॅसेटसारखीच, पण आत हुकूम. एका कॅसेटवर आमचे सगळे प्रोग्राम मावतील. अडचण अशी की शेवटचा प्रोग्राम हवा असेल तर पहिल्यापासून फिरवत न्यावं लागतं.

फ्लॉपी: काळी, पातळ, हातात वाकते. कॅसेटसारखं फिरवायचं नाही, हवा तो प्रोग्राम थेट काढता येतो. एकीवर आमचे शंभर-सव्वाशे प्रोग्राम बसतील. ती खिशात घालून मशीनपर्यंत नेता येते.

हार्ड डिस्क: ही दिसत नाही, कॉम्प्युटरच्या पोटात बंद. पन्नासहून जास्त फ्लॉप्यांचा माल एकटी पोटात घेते आणि मागितल्याबरोबर देते. मी विचारलं, आत असतं काय? म्हणाला, "लोखंडासारखी घट्ट तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारं टोक तरंगतं. मधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. टेकलं की वाट लागली."

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातल्या पॉवरप्रेसचा ठोका बसला आणि त्याच्या कपातला चहा थरथरला. तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे दिवसभर चालतं का, यार?"

दिवसभर चालतं.

रविवार, २८ फेब्रुवारी

भटवाडीला माणिकच्या घरी गेलो. त्याची आई रुक्मिणीकाकू दारातच म्हणाल्या, "तू इलंस ता बरा झाला. बस. चाय घे." माणिक कॉटवर बसला होता, डोळ्यावर हिरवा कपडा. मी कॉम्प्युटरचं सांगत होतो, त्याने ऐकून घेतलं. मध्येच म्हणाला, "भाऊ, मी रोज दरवाजा बंद करायचो. त्या दिवशी का नाही केला, तेच आठवत बसतो. तिथेच अडकतो."

मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

मला तिथे जास्त वेळ बसवेना. उकाडाही होता.

मंगळवार, १ मार्च

चंद्रप्रकाशने कॉम्प्युटर महिनाभर वापरून बघायला ठेवलाय, सहा फ्लॉप्यांसकट. नुसतं ऐकून निवड करायची नाही असं ठरवलं. सहाही फ्लॉप्यांवर एकच प्रोग्राम भरला आणि सहा जागी ठेवल्या: साहेबांचं कपाट, मालनताईंचं टेबल, लेथच्या बाजूचं स्टूल, ग्राइंडरची जॉब धरून ठेवणारी चुंबकाची पाटी, पश्चिमेची खिडकी आणि माझा खिसा. दहा दिवसांनी वाचून बघायच्या.

मालनताईंना या प्रकाराचं वाईट वाटत असणार. चौदा वर्षं टेप पंच करतायत. त्याआधी तारघरात टेलिप्रिंटरवर होत्या. त्यांना भोकं बघावीही लागत नाहीत. पट्टी बोटांतून ओढत नेतात आणि आकडे बोलत जातात. हे सगळं आता जाणार. त्यांना कसं सांगायचं, याचा विचार करतोय. उगाच दुखवायचं नाही.

शुक्रवार, ११ मार्च

निकाल.

कपाटातली उत्तम. टेबलावरची उत्तम. स्टुलावरची निम्मी वाचली गेली, मग कॉम्प्युटर अडखळला. पाकिटात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बारीक धूळ शिरली होती. खिडकीतली उन्हाने वाकली, आत जाईचना. खिशातली वाचली गेली, पण एका जागी घडीची खूण पडलीय. ग्राइंडरवरची पूर्ण कोरी, जणू तिच्यावर कधी काही लिहिलंच नव्हतं. चुंबकाने सगळं पुसून टाकलं.

कोरी फ्लॉपी दिसायला अगदी बाकीच्यांसारखीच आहे. वरून काही कळत नाही. याचं जरा भय वाटलं.

मालनताई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "कागद फाटतो, पण फाटला तर दिसतो तरी."

त्यांचं टेपवरचं प्रेम बोलत होतं. मी हसून मान हलवली.

सोमवार, १४ मार्च

तुलनेची टिपणी लिहून झाली, चार पानं. निःपक्षपातीपणे लिहिलीय, कागदी टेपचे गुणही मांडलेत. ते इथे उतरवून ठेवतो, कारण मला स्वतःला ते आवडलेत.

टेप डोळ्यांनी वाचता येते, चुंबकाला आणि विजेला भीत नाही. शिवाय तिच्यात एक सोय असते. प्रत्येक ओळीत भोकांची संख्या सम असलीच पाहिजे. एखादं भोक तेलाने बुजलं किंवा फाटून एक जास्त झालं, तर संख्या विषम होते आणि मशीन तिथेच थांबून दिवा लावते. पुढे एक हुकूमही पाळत नाही. म्हणजे डागामुळे चुकीचा हुकूम जाईल ही शक्यता जवळजवळ नाहीच.

तरी माझा कौल फ्लॉपीला. मशीनजवळ बंद पेटीत फ्लॉपी, दुसरी प्रत साहेबांच्या कपाटात. हार्ड डिस्क घ्यायचीच तर वर पोटमाळ्यावर, प्रेसच्या भिंतीपासून लांब. कॅसेट नको.

मालनताईंना टाइप करायला दिलं. आज त्यांना जरा वेळ लागला. तिसऱ्या पानावर मध्येच थांबल्या होत्या, हात मशीनवर ठेवून, माझ्याकडे बघत. मी विचारलं, अक्षर लागत नाही का? म्हणाल्या, "लागतं की. स्वच्छ लिहिलंयस." आणि पुढे टाइप करू लागल्या.

गुरुवार, १७ मार्च

कसं लिहावं.

साहेबांना टिपणी पसंत पडली. आजपासून सगळ्या जुन्या टेपा कॉम्प्युटरमध्ये वाचून फ्लॉपीवर उतरवायला घेतल्या. चंद्रप्रकाशने वाचणारं यंत्र तारेने जोडून दिलंय. मालनताई डबा उघडून नंबरवार एकेक टेप देत होत्या, मी भरत होतो. पडद्यावर हुकूम ओळीने उमटतात, मी माझ्या हस्तलिखिताशी ताडून पुढे जात होतो. एकशे पंधरा. एकशे सोळा. मग त्यांनी पुढची टेप दिली आणि मी न बघता लावली.

एकशे सतरा. टाकून द्यायला सांगितलेली.

पडद्यावर मध्यावर एक ओळ आली: जी-शून्य. हस्तलिखितात तिथे जी-शून्य-एक आहे. जी-शून्य-एक म्हणजे कापत, सावकाश जा. नुसतं जी-शून्य म्हणजे मोकळ्या जागेत धावत जा. एक आकडा नव्हता. एक आडवी ओळ नव्हती.

टेप ओढून बाहेर काढली. तो तुकडा बोटांखाली आला. चिकटपट्टी माझी. कात्री तिरकी चाललेली, तीही माझी. सांधताना एक ओळ जास्त कापली गेली होती. आजूबाजूच्या सगळ्या ओळींत भोकं सम, म्हणून मशीनने दिवा लावला नाही. लावायचं कारणच नव्हतं. माझ्याच टिपणीच्या तिसऱ्या पानावर हे लिहिलंय. डागामुळे होणार नाही, हे मीच लिहिलं आणि मीच वाचलं नाही.

मालनताई डबा बंद करत होत्या. म्हणाल्या, "मी जेवून येते."

खोलीत मी एकटा. पडद्यावर ती ओळ लुकलुकत होती. मी पडद्यावर त्या जागी गेलो, एकाचा आकडा दाबला. जी-शून्य-एक. फ्लॉपीवर साठवलं. दोन सेकंदांचा आवाज झाला आणि संपलं. आता फ्लॉपीवर सगळं बरोबर आहे. कधी चूक होती, याची खूणसुद्धा नाही.

टेप मात्र टेबलावर पडलेली होती. ती पिशवीत घालून घरी आणलीय. सुगंधाला सांगितलेलं नाही.

शनिवार, १९ मार्च

दोन दिवस मालनताईंच्या नजरेला नजर दिली नाही. आज काम सुटल्यावर त्या स्वतःच टेबलापाशी आल्या, समोर बसल्या.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"त्याच दिवशी. तुम्ही लोक दवाखान्यात गेलात, मी टेप मशीनमधून काढली. बोटं फिरवली. सांधा लागला, पुढे एक ओळ नाही हे लागलं. मी कधी चिकटपट्टीने सांधत नाही, सहदेव. मी नवी काढते."

"मग बोलला का नाहीत? मी तुमच्यावर ढकललं. तुम्हीच ते टाइप केलंत."

"केलं. राग आला होता. वाटलं, तो कागद तसाच साहेबांपुढे नेऊन ठेवावा, टेपसकट. मग वाटलं, याला खरंच माहीत नाही. खोटं बोलत असतास तर मी एक मिनिट थांबले नसते. पण तू स्वतःशीच खरं बोलत होतास. अशा माणसाला दुसऱ्याने सांगून पटत नाही. मग तू ते भोकांचं लिहिलंस. म्हटलं, आता कळेल. नाही कळलं. म्हणून परवा टेप हातात दिली."

मी विचारलं, आता काय करू.

"ते मी कशाला सांगू. टेप तुझ्याकडे आहे." उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "माझं राहू दे. माझी नोकरी काही गेली नाही. पण तो पोरगा दरवाजा आठवत बसलाय. मी मागच्या रविवारी गेले होते त्याच्याकडे."

त्या निघताना मी म्हणालो, टेप बंद झाली की तुम्हाला वाईट वाटेल, त्याचंही मी मनात घेतलं होतं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "मला टेपचं कसलं प्रेम? पंच करून करून खांदा आखडलाय. तो कॉम्प्युटर मला शिकायचाय, हे मी साळवीला कधीच सांगून ठेवलंय. तुला विचारावंसं नाही वाटलं का कधी?"

नाही वाटलं.

रविवार, २० मार्च

सुगंधाला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल झालं ते झालं. म्हणाली, "उद्या डबा लवकर करते. साहेब नऊला येतात ना?"

आपल्याला दोन मुलं आहेत, नोकरी गेली तर, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. तरी लवकरच करते."

सोमवार, २१ मार्च

साहेबांपुढे टेप ठेवली. सांधा दाखवला. शनिवारी घाई केली, सोमवारी रिकामं चालवू दिलं नाही, दोन्ही सांगितलं. रिपोर्टमधलं पहिलं कारण खोटं आहे, आणि दरवाजा उघडा होता हे खरं असलं तरी ते कारण नव्हे, हेही. एका दमात बोललो. नाहीतर जमलं नसतं.

वैद्यसाहेबांनी कपाटातून रिपोर्ट काढला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "परब, रिपोर्ट तुझा. सही तुझी. तेवढी चूक मात्र दुसऱ्यांची."

मी उभाच.

"बस." मग रिपोर्ट टेबलावर ठेवून, "मीही वाचला होता. टेप जुनी, पोरगा निष्काळजी. मला सोयीचं होतं. रिकामं चालवायला कोणी नको म्हटलं, हे मी एकदाही विचारलं नाही."

नवा रिपोर्ट माझ्या हाताने लिहायला लावला, तिथेच, त्यांच्यासमोर. प्रोग्रामिंग माझ्याकडून काढलं. किती दिवस, हे सांगितलं नाही. दोन नंबरच्या लेथवर ऑपरेटर म्हणून उभं राहायचं. नोकरी ठेवलीय. ते म्हणाले, "माणिकला मी सांगणार नाही. तू सांग."

मंगळवार, २२ मार्च

भटवाडी. काकू चहा ठेवायला उठल्या, मी म्हटलं आधी ऐका.

सांगितलं. माणिक भिंतीला टेकून बसला होता. हिरवा कपडा आता नाही, डोळा मिटलेला असतो. ऐकताना उजवा डोळाही मिटून घेतला त्याने.

काकू म्हणाल्या, "म्हणजे ह्येची चूक नाय व्हती?"

"नाही, काकू. माझी होती."

त्या पदराचं टोक हातात पिळत बसल्या. "सहा आठवडे ह्यो रात्रीचो उठान बसता. दरवाजो, दरवाजो करता. आणि तू चाय पिऊन गेलंस."

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही आहे. पण म्हणालो नाही. इतके दिवस मी खरंच लिहीत आलो होतो आणि त्याचा कोणाला काय उपयोग झाला.

माणिकने डोळा उघडला. आवाज साधा होता. "डोळा तर गेलाच. तो दरवाज्याने गेला काय, टेपने गेला काय. पण मी स्वतःला शिव्या घालत होतो, भाऊ. आईसमोर, देवासमोर. ते दिवस कोण परत देणार?" मग म्हणाला, "आता जा. आज अजून बोललो तर वाईट बोलेन."

गेलो. घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभा राहिलो थोडा वेळ. मग असल्फ्याला घरापर्यंत चालत आलो.

सोमवार, ४ एप्रिल

कॉम्प्युटर विकत घेतला. माझ्या टिपणीतली मांडणी साहेबांनी तशीच ठेवली: मशीनजवळ बंद पेटीत फ्लॉपी, दुसरी प्रत कपाटात, हार्ड डिस्क पोटमाळ्यावर. मालनताईंनी तिच्यात एक कलम वाढवलं. प्रोग्राम बदलला तर जुना पुसायचा नाही. नवा वेगळ्या नंबराने ठेवायचा, आणि काय बदललं ते कागदावर छापून, ज्याने बदललं त्याने त्यावर सही करायची. चंद्रप्रकाश म्हणाला, "ताई, जागा वाया जाईल ना." त्या म्हणाल्या, "एवढी मोठी डिस्क कशाला घेतली मग?"

चार पानं लिहिली मी. काय किती साठवतं, किती लवकर देतं, कशाने बिघडतं, सगळं तपासलं. चूक करणाऱ्याचं नाव कशात राहतं, हे तपासायचं सुचलं नाही. जिच्यात ते राहिलं होतं ती टेप मला आधी टाकून द्यायची होती.

सोमवार, १८ एप्रिल

मालनताईंनी लिहिलेला पहिला प्रोग्राम आज माझ्या लेथवर चालला. पेटी उघडून फ्लॉपी घातली, रिकामं एकदा चालवलं, मग जॉब लावला. नीट निघाला. त्यांना वर जाऊन सांगितलं. त्या पडद्यासमोर बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत वेग थोडा कमी करू का? तुला काय वाटतं?" दोघांनी मिळून केला. सही त्यांनी केली.

उभं राहून पाय भरून येतात. सवय गेली होती.

सोमवार, २ मे

माणिक आजपासून कामावर. लेथवर नाही. तपासणीच्या टेबलावर, जाडी शतांश मिलिमीटरपर्यंत मोजणारा मायक्रोमीटर घेऊन. साहेब स्वतः भटवाडीला जाऊन विचारून आले होते. माझ्याशी बोलला नाही. मीही आपणहून गेलो नाही. सगळ्यांनी त्याला पेढा दिला, मी माझा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. संध्याकाळी तो तिथेच होता.

मंगळवार, १७ मे

पंधरा दिवस झाले. माझे जॉब ट्रेमधून त्याच्याकडे जातात, शिक्का मारून पुढे सरकतात. तो वर बघत नाही.

आज दुपारी प्रेस बंद होता, गाळ्यात कधी नव्हे ती शांतता. मी पाठमोरा होतो. मागून आवाज आला, "सहदेवभाऊ."

वळलो. माणिक ट्रेपाशी उभा, हातात माझा एक शाफ्ट. मायक्रोमीटर उजव्या डोळ्याजवळ धरून त्याने पुन्हा एकदा बघितलं, खात्री करून घेतली, आणि शाफ्ट माझ्यापुढे धरला.

"दोन शतांश जास्त आहे. हा चालणार नाही. परत लाव."

मी घेतला. पुसला. परत लावला. तो तिथेच उभा होता, होईपर्यंत.